एकच पाणबुडी, दोन आठवणी

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. इचलकरंजीत सिनेमाप्रेमी मित्रांच्या बैठकीत केलेलं हे बोलणं आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय, पुनरुक्ती तेवढी कमी केलीय.)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "इचलकरंजीत बसून जपानी आरमाराच्या सिनेमांवर बोलणार म्हणजे नेमकं काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडं पंचगंगा आहे, समुद्र नाही. समुद्र बघायचा तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायला लागतं. पण या सिनेमांचा आणि आपला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी मी तीन तारखा घेतो. तिन्ही १९४२ सालच्या आणि तिन्ही मिळून सोळा दिवसांत मावणाऱ्या.

पहिली, २३ नोव्हेंबर. मुंबईहून आफ्रिकेकडं निघालेली 'तिलावा' नावाची प्रवासी आगबोट जपानी पाणबुडीनं बुडवली. दुसरी, ३ डिसेंबर. जपानमध्ये आरमाराच्या विजयावरचा एक भव्य सिनेमा थिएटरांत लागला. तिसरी, ९ डिसेंबर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करायला ते गेले होते.

या तीन घटनांपैकी कुणाची आठवण सिनेमानं जपली आणि कुणाची नाही, एवढंच मला आज बघायचं आहे.

सुरुवात मधल्या तारखेपासून करू. त्या सिनेमाचं नाव 'हवाई मारे ओकी काइसेन', म्हणजे हवाई आणि मलायाच्या समुद्रातली लढाई. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला वर्ष होत होतं, त्या निमित्तानं आरमाराच्या पुढाकारानं तो काढला. दिग्दर्शक काजिरो यामामोतो, कंपनी तोहो. पर्ल हार्बर दाखवायचं कसं? त्यासाठी एइजी त्सुबुराया नावाच्या कलाकारानं अख्खं बंदर छोट्या प्रतिकृतींत उभं केलं. पाणी, जहाजं, धूर, स्फोट, सगळं स्टुडिओत. आज कॉम्प्युटरवर जे करतात ते या माणसानं हातानं केलं, आणि ते आजही बघवतं. सिनेमात एक खेड्यातला पोरगा आरमाराच्या शिक्षणाला जातो, घाम गाळतो, वैमानिक होतो. शेवटी विजय. प्रचारपटच तो, त्यात आडपडदा काही नाही.

हाच त्सुबुराया पुढं १९५४ मध्ये 'गोजिरा'चे, आपण ज्याला गॉडझिला म्हणतो त्याचे, ट्रिकसीन करतो. बारा वर्षांपूर्वी ज्या हातांनी शत्रूचं बंदर जाळलं, त्याच हातांनी आता स्वतःचं टोकियो जाळलं. या दोन सिनेमांच्या मध्ये काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. शहरं बेचिराख झाली, हिरोशिमा आणि नागासाकी झाली, आणि आरमार समुद्राच्या तळाशी गेलं.

त्यामुळं युद्धानंतरच्या जपानी नौदलपटांत विजय नसतो, सुतक असतं. परकीय ताबा १९५२ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी 'यामातो' युद्धनौकेवरचा सिनेमा आला. यामातो म्हणजे २६३ मीटर लांबीचं धूड. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा. जगात कुठल्याच युद्धनौकेवर याहून मोठ्या तोफा नव्हत्या. ७ एप्रिल १९४५ ला ओकिनावाकडं जाताना अमेरिकी विमानांनी ती बुडवली. वरून पुरेशा विमानांचं संरक्षण नव्हतं आणि परत येण्याची आशाही नव्हती. तीन हजारांहून जास्त खलाशी होते, वाचले तीनशेपेक्षाही कमी.

यामातोवर जपानी लोक पुन्हा पुन्हा सिनेमे काढत आलेत. १९७४ मध्ये तर तिला अवकाशात पाठवणारी ॲनिमेशन मालिका निघाली. सगळ्यांत गाजलेला अलीकडचा सिनेमा २००५ चा, 'ओतोकोताची नो यामातो', दिग्दर्शक जुन्या सातो. ओनोमिची गावात त्यांनी नौकेच्या मोठ्या भागाचा खऱ्या आकाराचा सेट बांधला. त्याच वर्षी कुरे शहरात, जिथं यामातो बांधली गेली तिथं, संग्रहालय उघडलं. त्यात यामातोची एक-दशांश प्रतिकृती आहे. एक-दशांश म्हणजे तरी केवढी? सव्वीस मीटरहून लांब.

या सिनेमाची रचना साधी आहे. एक बाई म्हाताऱ्या मच्छीमाराकडं येते आणि म्हणते, यामातो जिथं बुडाली तिथं मला घेऊन चला. तो म्हातारा त्या नौकेवरून वाचलेला. बोट निघते आणि गोष्ट मागं जाते. मग आपल्याला दिसतात पंधरा-सोळा वर्षांची पोरं. त्यांच्या आया, त्यांचा निरोप, डब्यातलं गोडधोड, वरिष्ठांची मारहाण, आणि शेवटी डेकवरचं रक्त. बघताना डोळ्यांत पाणी येतं, आणि ते येण्यात गैर काही नाही. ती पोरं खरीच होती. त्यांना मरायला पाठवणारे निर्णय टोकियोत झाले, त्यांत या पोरांना कुणी विचारलं नव्हतं.

आता या सिनेमांची दुसरी एक सवय बघा. ॲडमिरल यामामोतो इसोरोकू हा त्यांचा आवडता नायक. १९६८ च्या सिनेमात त्याचं काम तोशिरो मिफुनेनं केलं, २०११ मध्ये कोजी याकुशोनं. दोन्हीकडं तो शहाणा, सभ्य, युद्धाला विरोध असलेला आणि तरी कर्तव्य म्हणून युद्ध चालवणारा. इतिहासात याला आधार आहे. जर्मनी-इटलीशी करार करायला त्याचा विरोध होता, हे खरंच आहे. पण असे सिनेमे एकापाठोपाठ एक बघितले की मनात एक हिशेब तयार होतो. युद्ध लादलं ते लष्करातल्या आडदांडांनी, आरमार मात्र सुसंस्कृत. जपानमध्येच अनेक इतिहासकारांनी या 'चांगल्या आरमारा'च्या गोष्टीवर टीका केली आहे. आरमारही निर्णयांत सामील होतं, आणि आत्मघाती मोहिमा आरमारानंही राबवल्या. 'काइतेन' नावाचा टॉर्पेडो, ज्यात माणूस बसून स्वतःसकट शत्रूच्या जहाजावर आदळायचा, तो आरमाराचाच.

ही टीका सिनेमावाल्यांच्या कानावर गेली नाही असंही नाही. २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी बघितला असेल, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालेला. वरवर राक्षसाचा सिनेमा आहे, पण आतून तो आरमाराचाच आहे. नायक आत्मघाती मोहिमेतून जीव वाचवून आलेला वैमानिक. युद्धानंतर तो लाकडी बोटीवर सुरुंग काढायचं काम करतो. राक्षसाशी लढायला सरकार पुढं येत नाही, तेव्हा जुने नौसैनिक स्वतःहून जमतात. तिथं एक जण जे बोलतो त्याचा आशय असा, की या देशानं माणसाचा जीव फार स्वस्त मानला, या वेळी कुणी मरणार नाही अशी लढाई करू. स्वतःच्या सरकारवर एवढी उघड टीका, तीही लोकप्रिय सिनेमात! मला ते मोठं वाटतं.

पण ऐका. इथंसुद्धा जीव स्वस्त मानला म्हणतात तो कुणाचा? आपल्या सैनिकांचा, आपल्या नागरिकांचा. समोरच्यांचा विषय निघत नाही. राक्षसाला देश नसतो, त्यामुळं काढायला लागतही नाही.

आता प्रश्न असा, की जपानी सिनेमानं दुसऱ्यांचं दुःख कधी बघितलंच नाही का? तर बघितलं. मासाकी कोबायाशीचा 'निंगेन नो जोकेन' घ्या. १९५९ ते १९६१ मध्ये तीन भागांत आलेला, साडेनऊ तासांहून लांब. त्यात मांचुरियातल्या खाणीत राबवलेले चिनी मजूर आहेत, त्यांच्यावरचे अत्याचार आहेत, आणि ते जपानी कॅमेऱ्यानं दाखवलेत. पण तो जमिनीवरचा सिनेमा आहे. जमिनीवर ज्याला मारता तो समोर उभा असतो, त्याला तोंड असतं. समुद्रावर तसं नाही. पेरिस्कोपमधून दिसतं ते फक्त जहाजाचं काळं आकृतीचित्र. अंतर किती, वेग किती, टॉर्पेडो सोडा. मग लांबवर आवाज, आणि आत खलाशांचा जल्लोष. तिकडं पाण्यात कोण पडलं ते कॅमेऱ्याला दिसत नाही, कारण कॅमेरा पाणबुडीच्या पोटात आहे.

पाणबुडीपट कुठल्याही देशाचा असो, त्याची ही अडचण असते. अरुंद जागा, घाम, तेलाचा वास, एकमेकांना सांभाळणारी माणसं. बघणारा त्यांच्यातलाच एक होऊन जातो. २००९ च्या 'मानात्सू नो ओरायन' या जपानी सिनेमात पाणबुडीची अमेरिकी विनाशिकेशी झुंज आहे. दोन्ही कप्तान हुशार, दोघांना एकमेकांबद्दल आदर. म्हणजे बघायला निवडली ती सैनिकाविरुद्ध सैनिक अशी लढत. प्रवासी बोटीवर टॉर्पेडो सोडणारी पाणबुडी मी तरी जपानी सिनेमात नायक म्हणून पाहिलेली नाही.

आणि इथंच आपली पहिली तारीख येते.

'तिलावा' ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट, १९२४ मध्ये बांधलेली. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून निघाली. मोंबासा, मापुतो, डर्बन असा मार्ग. बोटीवर ९५८ माणसं होती, त्यांत ७३२ प्रवासी. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत दुकानं असलेली, नोकऱ्या असलेली, घरच्यांकडं परत निघालेली साधी हिंदी माणसं. बायका-मुलंही. २३ तारखेला पहाटेच्या अंधारात पहिला टॉर्पेडो बसला. बोट लगेच बुडाली नाही. लोक होड्यांकडं धावले, होड्या खाली सोडताना गोंधळ उडाला. मग दुसरा टॉर्पेडो बसला आणि ती गेली. २८० माणसं मेली. वाचलेले होड्यांवर, तराफ्यांवर तरंगत राहिले. ब्रिटिश क्रूझर 'बर्मिंगहॅम'नं त्यांतल्या बहुतेकांना उचललं आणि २७ नोव्हेंबरला ते मुंबईला परत पोचले. ज्या बंदरातून गेले, त्याच बंदरात.

तिला बुडवणाऱ्या पाणबुडीचं नाव होतं आय-२९.

हे नाव लक्षात ठेवा, कारण पाच महिन्यांनी ते पुन्हा येतं, आणि या वेळी आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या गोष्टीत येतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून यू-१८० या पाणबुडीनं निघाले, सोबत आबिद हसन. २८ एप्रिल १९४३ ला मादागास्करच्या जवळच्या समुद्रात ते जर्मन पाणबुडीतून जपानी पाणबुडीत गेले. समुद्र खवळलेला, मध्ये रबरी तराफा. केवढं धाडस! मे महिन्यात ते सुमात्राजवळच्या साबांगला उतरले आणि पुढं आझाद हिंद सेनेचा इतिहास घडला. ती जपानी पाणबुडी कुठली? आय-२९.

तीच पाणबुडी. तेच पोलादी पोट.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा दोनदा तपासल्या. मग मला कळेना, की या गोष्टीचं करायचं काय. नेताजींना याचा दोष द्यायचा प्रश्नच नाही. ते ज्या वाटेनं गेले ती वाट त्यांना स्वातंत्र्याकडं नेईल म्हणून गेले. पण आपल्या आठवणीत एका पाणबुडीची एक फेरी राहिली आणि दुसरी पार पुसली गेली, हे तर खरं. नेताजींवर श्याम बेनेगलांनी सिनेमा केला, इतरांनीही केले. तिलावाच्या २८० माणसांवर आपल्याकडं गाजलेला एकही सिनेमा मला सांगता येत नाही. मुंबईतून निघालेल्या टायटॅनिकच्या कहाण्या आपल्याला माहीत नाहीत, साउथहॅम्प्टनहून निघालेल्या टायटॅनिकमधल्या जॅक आणि रोझचं मात्र सगळं पाठ आहे.

म्हणजे जपानी सिनेमाला 'तुम्ही स्वतःचेच मेलेले बघता' म्हणायचं, तर आपली पाळी त्याहून वाईट. आपण स्वतःचेसुद्धा सगळे मेलेले बघितलेले नाहीत.

का असं झालं असेल? मला वाटतं, कारण त्या माणसांची आठवण कुणाच्याच कामाची नव्हती. जपानला ती अडचणीची. ब्रिटिशांसाठी युद्धात बुडालेल्या शेकडो बोटींपैकी ती एक. आणि स्वातंत्र्याच्या आपल्या गोष्टीत जपानची भूमिका मदतनिसाची, त्यामुळं तिथंही हा प्रसंग बसेना. मेलेले सैनिक नव्हते, म्हणून शौर्यपदक नाही. क्रांतिकारक नव्हते, म्हणून पुतळा नाही. प्रवासी होते, बस्स.

आता तिसरी तारीख. डॉ. कोटणीस. इथं आपल्या जिल्ह्यानं काम केलेलं आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला, कोटणिसांची भूमिका स्वतः केली. त्यात जपानी सैन्य हे आक्रमक आहे. वर्ष बघा, १९४६. लाल किल्ल्यातल्या खटल्यांमुळं सगळा देश आझाद हिंद सेनेच्या बाजूनं पेटलेला, म्हणजे जपानच्या दोस्तांच्या बाजूनं. त्याच वर्षी एक मराठी दिग्दर्शक जपानी आक्रमणात भरडलेल्या चिनी माणसांच्या शेजारी कॅमेरा ठेवतो. सिनेमा नाट्यमय आहे, गाणी आहेत, चिनी पात्रं आपल्याच नटांनी केलीत. पण कॅमेरा कुठं ठेवलाय ते महत्त्वाचं. आपल्याकडं कापड घेताना गिऱ्हाईक ते उलटं करून मागची बाजूही बघतं. शांतारामांनी त्या युद्धाची मागची बाजू बघितली.

आणि असं समुद्रावरच्या सिनेमातही करता येतं, हे जपानी लोकांनीच दाखवलंय. २२ ऑगस्ट १९४४ ला 'त्सुशिमा मारू' नावाची जपानी बोट ओकिनावातून शाळकरी मुलांना सुरक्षित जागी नेत होती. 'बोफिन' या अमेरिकी पाणबुडीनं ती बुडवली. सातशेहून अधिक शाळकरी मुलं मेली. त्यावर १९८२ मध्ये ॲनिमेशन सिनेमा निघाला, आणि नाहा शहरात २००४ मध्ये स्मारक संग्रहालय झालं. तिकडं बोफिन पाणबुडी आज पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे. लोक तिकीट काढून आत जातात, फोटो काढतात. ओकिनावातल्या आईला त्या पाणबुडीकडं बघताना काय वाटेल, आणि अमेरिकी खलाशाच्या नातवाला काय वाटेल? दोघांचं वाटणं खरंच असणार.

तिलावा ही आपली त्सुशिमा मारू आहे. फरक इतकाच, की त्यांनी सिनेमा काढला.

आपले अलीकडचे नौदलपटही या नजरेनं बघा. १९७१ च्या युद्धावरचा 'द गाझी अटॅक', २०१७ चा. पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमजवळ बुडाली, आतले सगळे गेले. सिनेमात ते सगळे खलनायक. पण त्या सिनेमात एक बरी गोष्ट आहे. बुडवलेल्या व्यापारी जहाजावरून वाचलेली दोन माणसं भारतीय पाणबुडीत येतात. म्हणजे टॉर्पेडोच्या दुसऱ्या टोकाला असलेलं कुणीतरी निदान पडद्यावर आलं. त्याच युद्धात ९ डिसेंबरला आपली 'खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १९४ जण गेले. दीवला त्यांचं स्मारक आहे. स्मारक झालं म्हणून ते लक्षात राहिले. तिलावाच्या लोकांसाठी त्यांच्या वारसांनाच धडपड करावी लागली. २०२२ मध्ये ऐंशी वर्षं झाली तेव्हा मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला.

त्याच्या आधी, २०१७ मध्ये, तिलावा वेगळ्याच कारणानं जागी झाली होती. बोटीत चांदी होती. २,३६४ लगडी. दक्षिण आफ्रिकेनं नाणी पाडायला मागवलेल्या. एका कंपनीनं सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रातून त्या वर काढल्या. मग चांदी कुणाची यावर खटला चालला आणि २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं निकाल दिला. चांदीचा एकेक तुकडा मोजला गेला, त्याला मालक मिळाला. माणसांची नावं मात्र वारसांना एकेक करून गोळा करावी लागताहेत.

आय-२९ चं काय झालं? २६ जुलै १९४४ ला 'सॉफिश' या अमेरिकी पाणबुडीनं फिलिपिन्सच्या उत्तरेला तिला बुडवलं. जवळजवळ सगळे खलाशी गेले. त्यांतही यामातोवरच्यासारखी कोवळी पोरं असतीलच. मी त्यांच्यासाठीही वाईट वाटून घेतो, आणि तिलावासाठीही. एकासाठी वाटलं म्हणून दुसऱ्यासाठी कमी पडायला पाहिजे असं कुठं आहे?

तर माझं म्हणणं एवढंच. जपानी नौदलपट जरूर बघा. 'यामातो' बघा, 'मायनस वन' बघा, जमलं तर कोबायाशीही बघा. रडू आलं तर रडा. फक्त टॉर्पेडो सुटला की क्षणभर सिनेमा थांबवा आणि स्वतःला विचारा, की तो जिकडं चाललाय तिकडं कोण आहे. मग हाच प्रश्न आपल्या सिनेमांनाही विचारा.

आणि एक विनंती. हा भाग ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात त्या काळी आफ्रिकेला गेलेलं माणूस असेल, बोटीवर कामाला असलेलं कुणी असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते काय सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आम्हालाच पाठवा असं नाही. तुमच्या घरात राहू द्या. सिनेमा ज्याला काढायचा तो काढेल, पण त्याला गोष्ट तर सापडली पाहिजे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.